दोन्ही टाचा जमिनीला

नर्सबाई उंचीने जेमतेम पावणेपाच फूट, पण हौस दांडगी. पन्नाशीत त्यांनी उंच मोटरसायकल घेतली आणि पहिल्याच सिग्नलला पाय न टेकल्यामुळे गाडीसकट आडव्या झाल्या.

"अगं, विकून टाक," नवरा म्हणाला.

"विकते कशाला? उंची कमी करून घेते."

त्याला घेऊन त्या तडक गॅरेजात गेल्या. मेकॅनिकने मागच्या शॉकअपच्या जोडपट्ट्या काढून लांब पट्ट्या घातल्या, तशी गाडी मागून खाली बसली; पुढचा भागही तेवढाच उतरवला, साइड स्टँड कापून आखूड केला.

"बसा ताई."

बाई बसल्या. दोन्ही टाचा फरशीला!

"अहो, टेकल्या!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारचा शिंपी कात्री घेऊनच धावत आला.

नवरा जीव मुठीत धरून मागे बसला आणि गाडी टेकडीच्या रस्त्याला लागली. तिसऱ्या वळणावर मात्र तोच ओरडला, "अजून जोरात!"