हरिश्चंद्रांची विजेची होडी

मालवणच्या हरिश्चंद्र मयेकरांची सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत गेली. यंत्रांना तेल घालायचं, तापमानाच्या काट्यांवर डोळा ठेवायचा, वेग मात्र वर बसलेल्या कुणीतरी ठरवायचा. निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने, देवेशने, मुंबईहून रिमोटवर चालणारी शर्यतीची होडी आणून दिली. होडी असेल हातभर. पण तिचा वेग आपल्या बोटात आहे, याचंच त्यांना अप्रूप.

ते अप्रूप पहिल्या मोटरला भोवलं. गावाबाहेरच्या तळ्यावर दर रविवारी काही हौशी माणसं अशा होड्या पळवत. सगळ्यांच्या पुढे जायचं म्हणून हरिश्चंद्रांनी होडीच्या मागे मोठा पंखा बसवला आणि रिमोटवरच्या वेगाच्या खटक्यावरून बोट काढलंच नाही. मोठा पंखा फिरवायला मोटर बॅटरीतून जास्त वीज ओढते, आणि सगळी वीज काही वेगाच्या कामी येत नाही. उरलेली आतल्या आत मोटर तापवत राहते. दुसऱ्याच फेरीला मोटरच्या तारांवरचं वार्निश जळल्याचा वास सुटला. जन्मभर इंजिनं सांभाळलेल्या माणसाने एवढीशी मोटर जाळली, म्हणून घरी त्यांना जेवण गोड लागेना. त्यांच्या बायकोने, शर्मिलाने, ताटात आणखी एक तळलेला बांगडा वाढला.

नव्या मोटरला त्यांनी लहान पंखा लावला. होडी धावताना मोटर गार ठेवायला तळ्याचंच पाणी एका बारीक नळीतून मोटरभोवती फिरायचं आणि कुशीतल्या भोकातून धार होऊन बाहेर पडायचं. फेऱ्या संपल्या की ते झाकण उघडून मोटरवर बोट टेकवत. बोट टिकलं तर ठीक. चटका बसला तर पुढच्या खेपेला जोर कमी.

शर्मिलाही तळ्यावर येऊ लागली. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिची नवऱ्याला निरोप देण्यात गेली होती. आता छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन ती त्यांच्या शेजारी बसायची. होडीतलं तिला काही कळत नसे, पण ती धार बघायला तिला आवडे.

दिवाळीनंतरच्या शर्यतीत हरिश्चंद्र पहिले होते. तारकर्लीला लॉज चालवणारा प्रितेश अगदी मागोमाग. एवढ्यात शर्मिलाने त्यांच्या कोपराला हात लावला.

"अवो, धार बंद झाली हा."

हरिश्चंद्रांची नजर नुसती प्रितेशच्या होडीवर होती. शेवटची फेरी, आणि बोट खटक्यावर. क्षणभर त्यांना मोह झाला. मग त्यांनी जोर सोडला आणि होडी हळूहळू काठाला आणली. प्रितेश पुढे निघून गेला. झाकण उघडलं तर मोटर चांगलीच तापलेली, पण शाबूत. नळीच्या तोंडाशी शेवाळाचा गुंता अडकला होता.

"माका दिसाकच नाय गो," ते म्हणाले.

"माका दिसला ना," शर्मिला म्हणाली आणि चहा ओतू लागली.

हरल्याचं वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. प्रितेश येऊन त्यांच्याजवळ बसला, त्यालाही कपभर चहा मिळाला, आणि शेवाळ अडवायला नळीच्या तोंडावर जाळी कशी बसवावी यावर तिघांची बराच वेळ चर्चा झाली.

पुढच्या रविवारी तळ्यावर गर्दी नव्हती. हरिश्चंद्रांनी रिमोट शर्मिलाच्या हातात दिला. होडी आधी गोल फिरली, मग थेट कमळांच्या दिशेने सुटली.

"वळताना जोर सोड गो, तिका जरा दम खावंदे," ते शेजारून सांगत राहिले. शर्मिलाने काही जोर सोडला नाही.