बाळंतिणीच्या उशाखालचा विळा

लेकीने विळा उचलला आणि बाळाच्या मानेवर टेकवला. मी पातं मुठीत धरलं. तिने ओढलं. माझी दोन बोटं हाडापर्यंत चिरली, रक्त बाळाच्या टोपड्यावर गळलं. मी पातं सोडलं नाही.

"सोड, माय. हे माह्यं लेकरू नोहे. बदलून आणलं. मले शिव्या देते हे."

"तान्हं लेकरू शिव्या देते काय, बये?"

ती माझ्या मनगटाला चावली. मी तिला बाजेवर पाडलं, हात पिळला, तेव्हा विळा खाली पडला.

आमच्या लोणारकडे पाचवीला विळा पुजतात आणि बाळंतिणीच्या उशाखाली ठेवतात, म्हणजे बाहेरचं काही जवळ येत नाही. पाचवीपासून ती झोपली नव्हती. भिंतीशी बोलायची, बाळाला अंगावर घेत नव्हती. बाया म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, होईल सरळ.

बाळ पाहायला विहीण आणि जावई जीपने आले होते. आरडाओरडा ऐकून ते खोलीत धावले. विहीण म्हणाली, "हिले बाहेरचं लागलं. मिरच्या आणा."

बाळाला बाहेर नेलं. बाजेखालची शेकाची शेगडी ओढून तिच्यात मिरच्या टाकल्या. जावयाने लेकीचे केस धरून तोंड धुरावर दाबलं.

"बोल, कोन हायेस तू? बोल, नाही त जाळतो!"

ती ओकली. दुधाने चोळी भिजली होती. त्याने तोंडावर बुक्की मारली, ओठ फाटला. मी चिमटा उचलला आणि त्याच्या कोपरावर हाणला. तो ओरडून खाली बसला.

"जावयाले मारता, ईनबाई?"

"तुमचा पोरगा माह्या पोरीले मारून राह्यला, ते नाही दिसत?"

"मार तिले नाही, भुताले लागते."

"मंग ओठ काऊन तिचा फाटला?"

"हिले दवाखान्यात न्या," मी म्हणाले. विहिणीने बाळ उचललं आणि ती जीपमध्ये बसली. लेकीचे हात मी माझ्या लुगड्याने बांधले. बुलढाण्यापर्यंत ती लाथा मारत होती. खिडकीची काच फुटली, तिची टाच कापली.

दवाखान्यात चौघांनी धरलं तेव्हा सुई टोचता आली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आजी, हा आजार आहे. बाळंतपणानंतर एखादीला होतो. औषधाने उतरतो. ओठ कोणी फाडला?"

विहीण पोराकडे बोट करून म्हणाली, "यानं."

बाईंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. मला म्हणाल्या, "घरातलं धारेचं सगळं उचला. बाळाला हिच्याजवळ एकटं ठेवू नका. गोळी चुकवू नका."

गोळ्या ती थुंकायची. मी जबडा दाबून गिळवायची, ती माझ्या थोबाडीत मारायची. बाळ वरच्या दुधावर वाढलं. पुढे एके दिवशी तिने स्वतःच विचारलं, "माय, माह्यं लेकरू कुठी हाये?"

पोरगा आता शाळेत जातो. लेक जगली, नातू जगला.