नाना पडले, मग पुढे?

“कोठे शे तो कंप्युटर? माले वरीसभर हानी ऱ्हायना. देखू द्या त्याले जरा!”

आवाज दारातून आला. जळगावात माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायची कुणाची टाप नव्हती. धुळीने मशीन बिघडतं, असं आम्ही सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर त्यामुळे मशीनचा दरारा वाढायचा, आणि मशीनच्या आडून माझाही. तर सत्तरीचे एक गृहस्थ चपला बाहेर काढून, हातात केळीची फणी घेऊन आत आले. अंगाने किडकिडीत. नाक एका बाजूला कललेलं. डोळ्यांत मात्र मिश्कीलपणा.

“मी चोपडाना नाना,” ते म्हणाले. “लाइटवेट.”

मी खुर्चीवरून ताडकन उठलो. वर्षभर मी या माणसाला स्क्रीनवर मार खाऊ घालत होतो आणि ते हयात आहेत याची मला कल्पनाच नव्हती!

भानगड अशी होती. माझे स्नेही आबा यांचं एक साप्ताहिक होतं, दर रविवारी निघायचं. आबा संपादक, मालक आणि प्रूफ तपासनीस. माझ्या क्लासमध्ये कॉम्प्युटर पाहिल्यावर त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. खानदेशात पूर्वी बॉक्सिंग करणारी मंडळी होती. कुणी रेल्वेत, कुणी पोलिसात, नाना सैन्यात. कुणी कोणत्या काळात खेळलं, कुणी कोणत्या. ती सगळी ऐन भरात असताना एकमेकांसमोर आली असती तर कोण जिंकलं असतं? ते कॉम्प्युटरला विचारायचं आणि निकाल दर रविवारी छापायचा. याला आमच्या भाषेत सिम्युलेशन म्हणतात. म्हणजे खऱ्या गोष्टीचं आकड्यांनी आणलेलं सोंग.

मी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक बॉक्सरला ताकद, वेग, दम यांचे मार्क द्यायचे. मग मशीन मनातल्या मनात फासा टाकतं आणि ठोसा कुणाला लागला ते ठरवतं. मार्क आबा आणायचे. ते गावोगावच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायचे आणि मला येऊन सांगायचे. नानांविषयी सगळीकडून एकच गोष्ट आली. “चोपड्याचा नाना? अहो, तो तर दरवेळी पडायचा!” आबा हसत हसत सांगायचे, मी हसत हसत आकडा भरायचो.

परिणामी लाइटवेट गटात, म्हणजे साठ किलोच्या आतल्या मंडळींत, नाना वर्षभर तळाला राहिले. भुसावळचे इंजिन ड्रायव्हर पहिले, वरणगावचा एक फिटर दुसरा, धुळ्याचे एक जमादार तिसरे. वर्षअखेरीस आबांना गटाचा आढावा छापायचा होता. त्यात शेवटच्याला निरोप द्यायचा आणि नव्या वर्षी त्याच्या जागी नवा गडी घ्यायचा, असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं.

नाना त्यासाठीच आले होते.

“मन्हं नाव काढू नका, मास्तर.”

“नाना, तुम्ही एकही सामना जिंकलेला नाही.”

“नही जिकनू. हारस त हारस. पन दर रविवारले लढस ना!” ते खुर्चीवर टेकले. “गावमा मन्हा जोडीना बठ्ठा गयात. घरमा कोनी इचारस नही. रविवारले मातर पारवरना पोरे आवाज देतस, नाना, आज बी पडनात का? नाव गयं म्हंजे तेबी बंद.”

हे ते हसतच बोलले, पण मला ते लागलं. गावच्या पोरांच्या टिंगलीवर हा माणूस जगत होता आणि ती टिंगलही मी बंद करायला निघालो होतो.

तेवढ्यात आबा आले. मी ओळख करून दिली. आबांचा चेहरा असा झाला, की जणू आपणच छापलेला मृत्युलेख त्यांच्यासमोर येऊन बसला आहे. पण संपादक शेवटी संपादक.

“नाना, नियम म्हणजे नियम. तुमच्यासाठी वाकवला तर उद्या जमादारांचा मुलगा येऊन बसेल. आणि तुम्ही पडायचात हे खोटं आहे का? सांगा!”

“खोटं कसं? पडूच ना मी!” नानांनी अभिमानाने छाती फुगवली. “मन्हायेवढं कोनी पडनं नही. कुलाबाले पडनू, पुनाले पडनू, भुसावळले त तीन डाव पडनू.”

“मग हरलातच की.”

“हारनू? पडनू त काय व्हयनं? उठनू ना मंग!”

मी आबांकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे.

आम्ही दोघंही कुस्तीतली माणसं. मी धुळे जिल्ह्यातला, आमच्या गावच्या यात्रेत आखाडा भरतोच. आबांचे वडील तर पैलवान. कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ खल्लास, ढोल वाजतो, दुसऱ्याला फेटा बांधतात. ‘पडला’ म्हणजे ‘हरला’. आम्हाला कुणी लहानपणी हे शिकवलं नव्हतं, ते हवेतच होतं. बॉक्सिंगमध्ये मात्र पडलेल्या माणसासाठी पंच दहा आकडे मोजतो. दहाच्या आत उठलास तर पुढे लढ. ज्या म्हाताऱ्यांनी आबांना गोष्टी सांगितल्या, तेही कुस्तीचेच शौकीन. नाना पडला इथपर्यंत सांगायचे आणि हसत सुटायचे. पुढचं कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

मी प्रोग्रॅम उघडला. हिरव्या अक्षरांत माझीच ओळ समोर होती. पडला असेल तर गोटू निकाल. गोटू म्हणजे मशीनला दिलेला हुकूम, मधलं सगळं सोडून थेट तिकडे जा. मधे मोजणी नव्हती. उठायची सोयच मी ठेवली नव्हती.

“वर्षभराचे निकाल चुकले म्हणून छापायचं?” आबांना घाम फुटला. “लोक म्हणतील, खोटे निकाल दिले.”

“आबा, खोटेच होते. ते सामने झालेच नाहीत.”

आबांना ते पटलं, पण पचलं नाही. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. सुधारलेल्या प्रोग्रॅमवर नानांचा एक सामना थेट पहिल्या नंबरच्या ड्रायव्हरसाहेबांशी. तीन फेऱ्या. शेवटच्या घंटेला नाना उभे असतील तर गटात राहतील. आडवे असतील तर निरोप.

“कबूल,” नाना म्हणाले आणि त्यांनी बाह्या वर केल्या.

आता प्रश्न आला, उठण्याचे मार्क किती द्यायचे? नाना म्हणाले, “शंभर द्या.” आरोपीला विचारून निकाल लिहिण्यातला प्रकार. ड्रायव्हरसाहेब हयात होते, भुसावळला राहत होते. आबांनी त्यांना फोन लावला आणि नानांची आठवण आहे का म्हणून विचारलं. पलीकडचा खणखणीत आवाज आम्हाला इथे ऐकू आला.

“वो चोपडावाला? तीन बार गिराया मैंने उसको! गिरता था, मगर नीचे रहता नहीं था. बहुत परेशान किया!”

मी शंभरपैकी नव्वद दिले. दहा मशीनच्या फाशासाठी राखून ठेवले. मोजणीच्या ओळी लिहिल्या, तपासल्या आणि रनची कळ दाबली.

पहिल्या फेरीत नाना पडले. स्क्रीनवर आकडे एकाखाली एक उमटायला लागले. सहावर ‘नाना उठले’ असं आलं. नानांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. सत्तरीच्या माणसाचा गुद्दा, पण दोन दिवस दुखला. दुसऱ्या फेरीत पुन्हा पडले, आठवर उठले. आबा फणीतली केळी एकामागून एक संपवत होते, त्यांना कळतही नव्हतं.

तिसरी फेरी. ड्रायव्हरसाहेबांचा उजवा ठोसा बसला. नाना पडले. एक, दोन, तीन. नाना खुर्चीतून उठून स्क्रीनपाशी गेले. चार, पाच, सहा. प्रोग्रॅम माझा, फासा माझा, पण मी आता काही करू शकत नव्हतो.

“ऊठ रे पोऱ्या!” नाना काचेवर थोपटत ओरडले. “ऊठ! ऊठ!”

सात. आठ. नऊ.

नाना उठले.

पुढची ओळ आली, घंटा झाली. त्याच्या पुढच्या ओळीत गुणांवर ड्रायव्हरसाहेब विजयी. फरक बराच मोठा होता. मला वाटलं नाना हिरमुसतील. ते शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते आणि हसत होते.

“हारनू,” ते म्हणाले. “पन पडीसन नही हारनू.”

आबांनी आढाव्याचा मथळा तिथेच बदलला. लाइटवेट गटात शेवटचा नंबर चोपड्याच्या नानांचाच राहिला, निरोप मात्र कुणालाच दिला नाही. निकालातली आमची चूकही त्यांनी छापली, शेवटच्या पानावर, बारीक टायपात. पुढच्या वेळी नाना आले ते वांगी घेऊन, घरी भरीत करा म्हणून. पारावरची पोरं अजून हाक मारतात, असं त्यांनी आनंदाने सांगितलं. फक्त हाक बदलली होती. “नाना, आज कितला डाव उठनात?”

नंतर मी पुष्कळ प्रोग्रॅम लिहिले, कापसाच्या जिनिंगसाठी, दवाखान्यासाठी, शाळांसाठी. काम घेताना गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, “पडल्यावर पुढे काय?” लोक गोंधळून विचारतात, हे कोणत्या कोर्सला शिकवतात? मी सांगतो, चोपड्याला.