तळं बुजवायच्या सकाळी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. जन्मभर लोकांचे कपडे मापात बसवले, पण अंगणातलं तळं मात्र बायकोच्या मनासारखं वेडंवाकडंच राहू दिलं. तिनेच ते हौसेने खणून घेतलं होतं. ती जाऊन वर्ष होत आलं. मागच्या आठवड्यात नुकतीच चालायला लागलेली नात त्यात पडली. सूनबाईने धावत जाऊन ओढून काढली, म्हणून निभावलं. मुलगा काही बोलायच्या आत मास्तरच म्हणाले, "बुजवून टाकू." दुसऱ्याच दिवशी फाटकाशी मातीचा ढीग येऊन पडला.

बुजवायच्या दिवशी ते उजाडताच काठावर जाऊन बसले. लव्हाळ्याच्या काडीवर पाण्यातून एक मातकट किडा चढून आला होता. बघता बघता त्याच्या पाठीवरची शिवण उसवली आणि आतून ओला, फिकट जीव बाहेर आला. पंख चोळामोळा झालेल्या मलमलीसारखे. मग इस्त्रीवाचूनच ते सरळ होऊ लागले.

"बाबा, चहा निवतोय!" सूनबाई मागे येऊन उभी राहिली. "अगंबाई, हे काय?"

"चतुर. तुझ्या सासूबाई म्हणायच्या, नाव चतुर अन् मुक्काम चिखलात, अगदी तुमच्यासारखा!"

ती हसली. "आत्ताच जन्मला वाटतं."

"छे गं. वर्ष-दीड वर्ष पाण्यात काढतो, मग वर येतो."

ती मनातल्या मनात महिने मोजत असावी. "म्हणजे हा आईंच्या वेळचा?"

मास्तरांनी होकारार्थी मान डोलावली.

"मग राहू दे ना तळं. वर जाळी बसवू."

"नको. जाळी एखाद्या दिवशी सरकते. पोरीपुढे तळ्याचं काय घेऊन बसलीस?"

"आत अजून असतील?"

"असतील की. गाळात."

ती घरात गेली ती बादली आणि पिठाची चाळण घेऊनच आली. पदर खोचून पाण्यात उतरली. "पलीकडच्या बागेतल्या हौदात सोडू यांना," म्हणाली आणि गाळ चाळू लागली.

"अगं, चाळण गेली कामातून!"

"जाऊ दे. बादली पुढे करा आधी."

मुलगा फावडं घेऊन आला, तेव्हा मास्तरांनी हातानेच त्याला थोपवलं.

"थांब जरा. एका कोपऱ्यातला गाळ राहिलाय."