तिसऱ्या वळणावरचं घुबड

अकरा वर्षं मी अभयारण्याच्या फाटकाशी तिकिटं फाडतेय, पण आत पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. साप निघाला तर? नकोच ते! जंगल मला ठाऊक होतं ते मामांच्या तोंडून.

मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने वाटाडे. नात्याने इथे कुणाचेच मामा नाहीत, तरी साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली. डॉक्टरांनीही हात टेकले. हे फक्त मामींना आणि मला माहीत. "पायवाट सुटली तर हा माणूस घरात झुरून मरेल गं," मामी म्हणाल्या, आणि मी पाघळले.

मग आमचं ठरलं. पहारेकरी सकाळी आत फेरी मारून यायचा आणि कुठे काय दिसलं ते चहा पिता पिता मला सांगायचा. मी ते मामांच्या कानावर घालायची. हरणं तळ्यापाशी, घुबड तिसऱ्या वळणावरच्या ढोलीत. मामा नेमके तिथे थांबून बोट दाखवायचे. लोक खूश, मामा खूश, आणि मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

गेल्या आठवड्यात पहारेकरी रजेवर गेला. मी मेलीने आदल्या दिवशीचंच सांगून टाकलं. मामांनी आठ जणांना रिकाम्या ढोलीकडे बोट दाखवून पाच मिनिटं घुबडाच्या सवयी सांगितल्या! एका बाईंनी मोठ्या कॅमेऱ्यातून ढोली न्याहाळली आणि थेट साहेबांकडे तक्रार केली.

साहेबांनी मामांना बोलावलं. "उद्या मी बरोबर येतो. काही दाखवता आलं नाही, तर परवापासून फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं. आणि ढोलीत घुबड आहे असं सांगितलं कुणी तुम्हाला?"

मामा माझं नाव काही घेईनात. मला राहवेना. तिकिटांची खिडकी बंद केली, साहेबांच्या खोलीत गेले आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं.

"मग उद्या तुम्हीही चला," साहेब म्हणाले.

सकाळी निघालो. मामा पुढे, मागे मी जीव मुठीत धरून, माझ्यामागे साहेब. तळ्याच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर हरणं चरत होती. मामा तसेच पुढे गेले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

तिसरं वळण ओलांडलं आणि मामा थबकले. झाडीत पाच-सहा चिमुकले पक्षी नुसता कालवा करत होते. मला वाटलं, आपापसात भांडतायत मेले. मामांनी माझी हनुवटी धरून अलगद वर वळवली, लहान पोरीची धरावी तशी.

"दिवसाढवळ्या एवढ्या शिव्या ही पाखरं घुबडालाच देतात. खोडाला चिकटून बसलं असेल, नीट बघ, बाई. घाई करू नकोस."

आधी नुसती सालच दिसली. मग त्या सालीत दोन पिवळे डोळे उघडले. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

साहेबांनी दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं. "मामा, खुर्चीचं राहू द्या," ते म्हणाले.

मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"आहे ना गं? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

माझ्या डोळ्यांना धार लागली. "आहे, मामा. या वेळी खरंच आहे."