सडका कांदा ज्याचा त्याच्या दारात

मंडळी, आत्ताच आंघोळ करून बसलेय, तरी हाताचा कांद्याचा वास जात नाही. आज मी भर दिवसा भांडण उकरून काढलं आणि मला जराही वाईट वाटत नाही.

माझ्या लेकीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. जन्मापासून फुप्फुसात चिकट कफ साचतो आणि त्यात जंतू घर करतात. रोज पाठ थोपटून मी तो सुटा करते. सडक्या कांद्यात असतो तो जंतू एकदा बसला की निघता निघत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्या घाणीपासून लांब ठेवायला सांगितलंय.

आणि शेजारचे आमचे चुलत सासरे, अण्णा, कांदा साठवायच्या चाळीतला सडका कांदा निवडून आमच्याच खिडकीखाली ओततात. हात जोडले तर म्हणाले, "आमी जन्मभर चाळीत लोळलो, आमाला काय नाय झालं."

यंदा लेकीच्या बेडक्यात तोच जंतू सापडला.

आज अण्णांच्या मुलाच्या सोयरिकीसाठी मंचरचे पाहुणे आले होते. मी तोंडाला फडकं बांधलं आणि खिडकीखालचा सगळा कांदा घमेल्यानं नेऊन त्यांच्या ओट्यासमोर ओतला.

"अगं, पावणं बसलेत!" अण्णा ओरडले.

"बसू द्या की. सडक्या कांद्यानं कुणाला काय व्हतंय? तुमीच म्हणला व्हता."

पाहुणे नाकाला रुमाल लावून चहा न घेताच उठले.

आता घरचे म्हणतायत, पोराची सोयरीक मोडलीस, माफी माग. सोयरीक दुसरी जुळेल. लेकीला दुसरी फुप्फुसं कुठून आणू? तुम्हीच सांगा, मागू का माफी?