फ्रान्सची पोथी

शाळेतून शिकवून आले की चहाचा कप घेऊन मी ओसरीत एक फ्रेंच कादंबरी वाचत बसायचे. जुनी, गाजलेली, मराठीत आलेली, आणि उशाला घ्यावी एवढी जाड. कशासाठी? कशासाठीच नाही, मजेसाठी. आमच्या मंठा गावात बाईमाणसानं मजेसाठी वाचणं म्हणजे रिकामटेकडेपणाच!

माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्यांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी त्यांना नुसती सावली दिसायचे. एक दिवस पानं उलटल्याचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "कोणती पोथी वाचून राह्यली गं?"

"फ्रान्सची," मी गमतीनं म्हणाले.

"मंग मनातल्या मनात काय वाचती? मोठ्यानं वाच की!"

आणि बाई हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन समोर बसल्या. तेव्हापासून रोज एकच अध्याय. जास्त वाचू द्यायच्या नाहीत. पोथी पचली पाहिजे म्हणे. त्यातली नावं माझ्याच जिभेला वळेनात, तर त्यांनी 'लबाड जावई', 'शिवणवाली' अशी ठेवून टाकली. शिवणवालीला घराबाहेर काढलं त्या दिवशी जावयाला अशा काही शिव्या घातल्या की काय सांगू! एकटी असते तर मी हे पुस्तक अधाशासारखं गिळलं असतं. चवीनं वाचायला मिळालं ते आत्यांमुळे, आणि त्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे.

मग गावातल्या शिबिरात आलेले जालन्याचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका, मोतीबिंदू पिकलाय, डोळे कायमचे जातील. आत्या ढिम्म. "पोथी लावली की संपेस्तोवर गावाची शीव ओलांडू न्हाई."

झालं का! अर्धं पुस्तक बाकी होतं. मी पानं गाळत पळू लागले, तर दुसऱ्याच दिवशी पकडलं. "शिवणवालीचं लेकरू तापानं फणफणल्तं, त्याचं काय झालं? ओळ गाळू नको, दोष लागतो."

माझं डोकंच फिरलं. "आत्या, डोळे जातील! पोथीचं काय घेऊन बसलात?"

पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "नजर आली की मंग मला कोण वाचून दाखवील? तू म्हणशील, आता दिसून राह्यलं तर टीव्ही बघा. मला तर एक अक्षर येत न्हाई."

मी म्हटलं, ही शेवटच्या पानापर्यंत वाचीन आणि लगेच दुसरी लावीन. त्यावर त्यांनीच तोड काढली: पोथी संगं घेतली तर दोष बिलकुल न्हाई. कादंबरी लाल फडक्यात बांधून, मांडीवर घेऊन त्या जालन्याला गेल्या.

पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, दिसतंय का? आत्यांनी लाल गाठोडं मांडीवर ओढलं. फडकं सोडलं, पुस्तक उघडलं आणि ओळींवरून हळूहळू बोट फिरवलं. मग माझ्या तोंडाकडं बघत म्हणाल्या, "किती बारीक अक्षर हाय गं माय! अन् तू रोज शाळेतून दमून येऊन हे वाचून राह्यल्ती, माझ्यासाठी?"